प्रिंटरच्या तोंडाशी जमलेली काकवी

पाबळहून एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली तेव्हा त्यांनी घरचा इंकजेट प्रिंटर धूळ बसू नये म्हणून कापडाने नीट झाकून ठेवला. जूनमध्ये वर्गाचे वेळापत्रक छापायला घेतले, तर निळा रंग गायब आणि काळ्या अक्षरांतून आडव्या पांढऱ्या रेघा. संगणकाच्या पडद्यावर ‘हेड क्लीनिंग’चे बटण होते, ते त्यांनी पुन्हा पुन्हा दाबले. रेघा तशाच राहिल्या, टाकीतली शाई मात्र डोळ्यांना दिसेल इतकी उतरली. दुरुस्तीच्या दुकानात सांगितले गेले की हेड गेले, नवे टाकावे लागेल. आणि त्याची किंमत ऐकून नवा प्रिंटरच घ्यावा असे त्यांना वाटू लागले. त्यांचा प्रश्न सरळ आहे : झाकून ठेवलेल्या यंत्रात शाई साचते कशी, आणि ती घरच्या घरी साफ करता येते का?

बहुतेक वेळा करता येते. पण आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहायला हवे. आपण धूळ शोधत बसतो आणि खरा दोष असतो तो हवेचा. आणि हा प्रश्न पाबळहून आला याचा मला विशेष आनंद झाला. त्याचे कारण पुढे येईलच.

इंकजेटचा थेंब किती लहान असतो, याचा अंदाज आला की बाकीचे समजणे सोपे जाते. आजच्या घरगुती प्रिंटरचा एक थेंब साधारण तीन पिकोलिटरचा असतो. हिशेब केला तर त्याचा व्यास सुमारे १८ मायक्रॉन भरतो. एका मिलीलिटर शाईत असे ३३ कोटींहून जास्त थेंब मावतात. ज्या भोकातून हा थेंब बाहेर पडतो ते नोझलही त्याच मापाचे, वीसेक मायक्रॉनचे. आपल्या डोक्यावरचा केस त्याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. एका हेडवर अशी शेकडो नोझले ओळीने मांडलेली असतात आणि प्रत्येक नोझल सेकंदाला हजारो वेळा थेंब फेकू शकते. कागदावर जी पांढरी रेघ दिसते ती म्हणजे या ओळीतली मुकी झालेली नोझले.

थेंब फेकण्याच्या रीती दोन. एप्सन आणि ब्रदरच्या प्रिंटरमध्ये पिझो स्फटिक असतो. त्याला विजेचा झटका मिळाला की तो किंचित वाकतो, शाईची इवलीशी खोली दाबली जाते आणि थेंब बाहेर उडतो. दाब दिला की काही स्फटिकांत वीज निर्माण होते, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले होते. इथे तीच गोष्ट उलट्या दिशेने वापरली आहे. एचपी आणि कॅननच्या घरगुती प्रिंटरमध्ये स्फटिकाऐवजी सूक्ष्म तापक असतो. सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात तो तीनशे अंशांच्या आसपास तापतो, त्याला चिकटलेला शाईचा पातळ थर एकदम वाफ होतो आणि त्या बुडबुड्याच्या धक्क्याने थेंब उडतो. कॅननच्या इचिरो एन्डो यांना ही कल्पना सुचली ती १९७७ मध्ये, शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला गरम सोल्डरिंग आयर्न लागून शाई उडाली तेव्हा. जवळपास त्याच काळात अमेरिकेत एचपीचे जॉन वॉट स्वतंत्रपणे त्याच जागी पोहोचले. १९८४ मध्ये बाजारात आलेल्या एचपीच्या थिंकजेटमध्ये अवघी बारा नोझले होती.

इंकजेटचा इतिहास सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. मला ते पटत नाही, कारण मग रूने एल्मक्विस्ट हे नावच गळून जाते.

शाईचा फवारा कागदावर लिहू शकतो हे एल्मक्विस्ट यांच्याही आधी विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी दाखवले होते. समुद्राखालून घातलेल्या तारेतून हजारो किलोमीटर आलेला संदेश इतका क्षीण असे की साधी लेखणी कागदावर ओढण्याइतकीही ताकद त्यात नसे. थॉमसन यांनी १८६७ मध्ये काचेच्या अतिबारीक वक्रनळीतून शाई आणली, तिला विद्युतभार दिला आणि नळी कागदाला न टेकता शाईचे कण सरकत्या पट्टीवर उडवले. मुंबई १८७० मध्ये अशाच समुद्री तारेने एडन आणि सुएझमार्गे लंडनला जोडली गेली. पुढे कित्येक वर्षे जगभरच्या तारघरांत हे यंत्र काम करत राहिले.

एल्मक्विस्ट स्वीडनचे. शिक्षण वैद्यकीचे, वेड उपकरणांचे. हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्रांत त्या काळी जी लेखणी असे तिला वजन होते, कागदाशी घर्षण होते, त्यामुळे हृदयातले भरभर होणारे बदल तिला झेपत नसत. एल्मक्विस्ट यांनी लेखणीच काढून टाकली. केसासारख्या काचनळीतून शाईची धार सोडली आणि विजेच्या संकेताबरोबर ती नळी हलवली. धारेला जडत्व असे जवळजवळ नाहीच, त्यामुळे सेकंदाला शेकडो कंपनेही कागदावर स्पष्ट उमटू लागली. या रचनेचे अमेरिकन पेटंट १९५१ चे आहे आणि ‘मिंगोग्राफ’ या नावाने ही यंत्रे पुढे रुग्णालयांत वापरली गेली. म्हणजे शाईच्या फवाऱ्यावर चालणाऱ्या सुरुवातीच्या यशस्वी व्यापारी उपकरणांपैकी एक माणसाच्या हृदयाचे ठोके लिहीत होते.

याच एल्मक्विस्ट यांनी १९५८ मध्ये शरीरात बसवता येईल असा पहिला पेसमेकर तयार केला. त्याचे भाग राळेत ओतून बंद करायचे होते. त्यासाठी साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली. त्या वर्षी ८ ऑक्टोबरला स्टॉकहोममध्ये ओके सेनिंग यांनी तो आर्ने लार्सन या रुग्णाला बसवला. पहिले यंत्र काही तासच चालले. पण लार्सन पुढे एकामागून एक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगले, वयाच्या ८६ व्या वर्षी वारले. ज्यांनी त्यांना वाचवले ते इंजिनिअर आणि सर्जन दोघेही त्यांच्याआधी गेले. हृदय लिहिणारे यंत्र आणि हृदय चालवणारे यंत्र, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर जन्मली. एवढ्या मोठ्या माणसाचे नाव आपल्या शालेय पुस्तकांत नसावे याची मला खंत वाटते.

एल्मक्विस्ट यांची शाई अखंड वाहत होती, आणि आजही पाण्याच्या बाटलीवर ठिपक्याठिपक्यांनी उमटणारी तारीख व बॅच नंबर बहुधा अखंड धारेच्या यंत्रानेच छापलेला असतो. त्या यंत्रात न वापरलेले थेंब परत टाकीत जातात, धार थांबत नाही. घरच्या प्रिंटरचे तसे नाही. तिथे हुकूम मिळाला की थेंब, नाही तर शाई नोझलच्या तोंडाशी स्तब्ध उभी. शिक्षिकाबाईंच्या प्रिंटरमध्ये ती अख्खी सुटी तशी उभी होती. वीस मायक्रॉनच्या तोंडाशी उघडी असलेली शाई किती वेळ ओली राहील? अठरा मायक्रॉनचा शुद्ध पाण्याचा थेंब एप्रिलच्या कोरड्या हवेत सोडला तर तो एक सेकंदही टिकत नाही. नोझलमागे शाईचा साठा असतो म्हणून वेळ थोडा वाढतो, इतकेच.

म्हणून शाईत पाण्याबरोबर ग्लिसरीनसारखे किंवा ग्लायकोलच्या कुळातले पदार्थ घालतात. ते पाणी धरून ठेवतात. पण किती धरायचे हे शेवटी हवेतला दमटपणा ठरवतो. पाबळ ज्यात येते तो शिरूर-दौंडचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी इथल्या हवेची सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. तोच प्रिंटर त्याच दिवसांत रत्नागिरीला असता तर कदाचित पहिल्याच हेड क्लीनिंगला सुधारला असता.

आता नोझलच्या आत काय होते ते सांगतो. त्यासाठी दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळावर जायला हवे. चरकातून निघालेला उसाचा रस पाण्यासारखा पातळ असतो. तो काहिलीत ओततात, खाली चुलवण पेटलेले असते. मळी वर येते, ती काढून टाकतात. पाणी उडत जाते, रस दाटत जातो. एकशे पाच अंशांच्या आसपास काकवी होते : घट्ट, लाल, तार धरणारी, तरी वाहती. अजून पाणी उडाले, तापमान ११८ च्या जवळ गेले, की गुळव्या त्यातला थेंब गार पाण्यात टाकून पाहतो. बोटांत त्याची गोळी वळली की काहील उतरवायची. वाफ्यात ओतलेला तो पाक घोटता घोटता गार होतो आणि ढेप बसते.

सगळा खेळ पाण्याचा आहे. साखर आहे तेवढीच राहते. पाणी कमी होत गेले की रसाची काकवी आणि काकवीचा गूळ होतो. नोझलमध्ये चुलवण नसते, पण मे महिन्याची कोरडी हवा तेच काम सावकाश करते. पहिल्या काही तासांत तोंडाशी पातळ काकवी तयार होते. ही अवस्था निरुपद्रवी. प्रिंटर सुरू होताना स्वतःच चार थेंब थुंकतो आणि तोंड मोकळे होते. आठवडे गेले की दाट काकवी. आता हेड क्लीनिंगची गरज लागते. पंप ती ओढून काढतो. महिने गेले की ढेप. ढेपेला ओढून उपयोग नाही, ती भिजवायला हवी. गुळाचा खडा तोंडात धरून ठेवला तर विरघळतो, दाताने फोडायला गेलात तर दात दुखतो. प्रिंटरच्या हेडशी वागताना एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी हेडे वाचतील.

मात्र एका ठिकाणी गुऱ्हाळ आपली साथ सोडते. गूळ पाण्यात टाकला की पुन्हा रस होतो. डायची शाई, म्हणजे जिच्यात रंग साखरेसारखा विरघळलेला असतो, तीही बऱ्याच अंशी अशीच वागते. पिगमेंटच्या शाईत मात्र रंगाचे न विरघळणारे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना घट्ट चिकटतात आणि पुन्हा पाणी घातले तरी सगळे सुटे होत नाहीत. काही टाकीवाल्या प्रिंटरमध्ये रंगीत शाया डायच्या आणि काळी पिगमेंटची असते. त्यामुळे निळा रंग परत येतो आणि काळ्यातल्या रेघा हटत नाहीत, असे होऊ शकते. काळ्याला जास्त वेळ भिजत ठेवावे लागते, हे आधीच धरून चाला.

शाई अशी वाळू नये म्हणून प्रत्येक इंकजेटमध्ये एक साधा, पण फार महत्त्वाचा भाग असतो. प्रिंटरचे झाकण उघडून उजव्या टोकाला पाहा. बहुतेक प्रिंटरमध्ये तो तिथेच सापडेल. काडेपेटीपेक्षाही लहान अशी एक आयताकृती वाटी, तिच्या कडेला काळ्या रबराची ओठासारखी धार, तळाशी स्पंज आणि स्पंजाखालून पंपाकडे जाणारी नळी. शेजारी रबराची उभी पट्टी, हेड पुसणारी. काम संपले की हेड येऊन या वाटीवर बसते, रबर नोझलांभोवती घट्ट टेकते आणि आतली हवा दमट राहते. हेड क्लीनिंगच्या वेळी हीच वाटी हेडला चिकटते आणि पंप खालून शाई खेचतो.

वर्षभराच्या वापरानंतर त्या रबरी धारेवर शाईची खपली जमते. बोटाला खरखरीत लागेल अशी, वरून काळपट, आत निळी-जांभळी. एका बाजूला नखाच्या टोकाएवढी खपली असली तरी वाटी हेडवर घट्ट बसत नाही. मग दोन गोष्टी एकदम बिघडतात. फटीतून हवा जाऊन शाई वाळू लागते. आणि क्लीनिंग चालू केले की पंप शाईऐवजी त्या फटीतून हवाच ओढतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की क्लीनिंग झाले आणि तरी हेड उघडत नाही, म्हणजे हेडच गेले. प्रिंटरमध्ये साचलेल्या शाईबद्दल मला एकच गोष्ट सांगायची परवानगी दिली तर मी हीच सांगेन : हेडला हात लावण्याआधी वाटी पाहा.

दुसरी गोष्ट विजेची. छपाई चालू असताना वीज गेली, किंवा काम झाल्यावर प्रिंटरचे बटण न दाबता भिंतीवरचा स्विच बंद केला, तर हेड आहे तिथेच, उघड्या तोंडाने थांबू शकते. बटणाने बंद केले तरच यंत्र आधी हेड वाटीवर नेऊन बसवते आणि मग झोपते. वीज आल्यावर बऱ्याचदा आपण दुसऱ्या कामात गुंततो आणि प्रिंटर तसाच राहतो. त्यावर कापड घालून उपयोग नसतो. कापडाने धूळ अडते, पाण्याची वाफ नाही. शिक्षिकाबाईंनी प्रिंटर झाकला याचा दोष नाहीच, पण तो शेवटचा कसा बंद केला होता हे त्यांनी आठवून पाहावे. वीज वारंवार जाणाऱ्या गावात प्रिंटरला संगणकाच्याच यूपीएसवर जागा द्यावी. इंकजेटला वीज फार लागत नाही.

आता साफसफाई. मुहूर्त शोधायला नको, घाई मात्र टाळायला हवी. प्रिंटर चालू करायचा, हेड वाटीवरून हलून मध्यभागी आले की प्लग काढायचा. प्लग असा ओढणे योग्य ठरते ते फक्त या एका वेळी. आता हेडचा डबा बोटाने अलगद सरकतो. सरकला नाही तर जोर करायचा नाही. पुन्हा चालू करून पुन्हा प्रयत्न करायचा. वाटीत ड्रॉपरने कोमट डिस्टिल्ड पाण्याचे काही थेंब टाकायचे, पाच-दहा मिनिटे थांबायचे आणि मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणाऱ्या स्पंजाच्या बोळ्याने रबरी धार चहूबाजूंनी पुसायची. कानात घालायच्या कापसाच्या काडीचे तंतू सुटतात आणि तेच तंतू पुढे नोझलवर जाऊन बसतात, म्हणून ती नको. शेजारची उभी पट्टीही पुसायची. खपली निघाली की रबर पुन्हा गुळगुळीत काळे दिसते.

मग हेड. ज्या प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते, तिथे कार्ट्रिज काढून त्याचे नोझलचे तोंड ओल्या, घडी केलेल्या कापडावर नुसते टेकवून धरायचे, घासायचे नाही. कार्ट्रिजवरचे तांब्याचे संपर्कबिंदू कोरडे ठेवायचे. हेड यंत्रात पक्के असेल तर चष्मा पुसायच्या कापडाची पट्टी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, जास्तीचे पाणी पिळून, हेडच्या मार्गात ठेवायची, डबा तिच्यावर सरकवायचा आणि काही तास, ढेप जुनी असेल तर रात्रभर, तसाच सोडायचा. सकाळी पट्टीवर निळे-गुलाबी-पिवळे पट्टे उमटलेले दिसले की समजायचे, नोझले बोलू लागली.

पाणी डिस्टिल्डच हवे. बॅटरीच्या दुकानात ते स्वस्त मिळते. या पट्ट्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. भांड्यावर पांढरा थर येतो तो त्यांचाच. ते पाणी नोझलमध्ये वाळले तर शाईच्या गाठीत क्षाराची भर पडते, आणि ती पुढे कुठल्याच पाण्याने जात नाही. सुई, टाचणी यांचा तर विचारही नको. सिरिंजने जोरात पाणी मारण्याचे उपाय सर्रास सांगितले जातात. पिझो हेडच्या आतल्या भिंती इतक्या पातळ असतात की अंगठ्याचा दाब त्यांना पुरेसा असतो. चालू हेड बाद होण्याची ही हमखास रीत आहे.

यानंतर एकदा हेड क्लीनिंग, मग नोझल चेकचा नमुना छापायचा. सुधारणा दिसली पण पूर्ण नाही, तर आणखी एकदा. त्यापुढे बटणाला हात लावायचा नाही. सहा-आठ तास थांबायचे. या थांबण्यामागचे विज्ञान मला फार आवडते. पिझो हेडमध्ये थेंब उडतो तो दाबाच्या लाटेने. शाई दाबली जात नाही म्हणून लाट सरळ तोंडापर्यंत पोहोचते. पण खोलीत हवेचा एखादा बुडबुडा शिरला तर तो दाबला जातो, लाट तो गिळून टाकतो आणि थेंब उडतच नाही. नोझल स्वच्छ असते, शाईही असते, तरी कागदावर रेघ येते. एकामागून एक क्लीनिंग केल्याने बुडबुडे वाढू शकतात. नुसते थांबले तर लहान बुडबुड्यातली हवा हळूहळू शाईत विरघळते आणि नोझल आपोआप चालू होते. संध्याकाळी गेलेला रंग सकाळी परत आला, असा अनुभव अनेकांना येतो, तो यामुळे.

पुन्हा पुन्हा क्लीनिंग केल्याचा आणखी एक परिणाम होतो. पंपाने ओढलेली शाई कुठे जाते? ती यंत्राच्या तळाशी असलेल्या फेल्टच्या जाड थरात मुरते. टाकीतली शाई उतरली ती तिथेच गेली. किती शाई तिथे गेली हे प्रिंटर मोजत नाही, मोजल्यासारखे करतो : किती वेळा क्लीनिंग झाले, किती थेंब टाकले याचा अंदाजी हिशेब स्मृतीत ठेवतो आणि आकडा ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की ‘पॅड भरले’ असे सांगून काम बंद करतो. बाकी यंत्र ठणठणीत असले तरी. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने २०१७ मध्ये मोठ्या प्रिंटर कंपन्यांविरुद्ध तक्रार केली होती, ती यंत्रे आणि शाई मुदतीआधी संपल्याचे दाखवले जाते या आरोपावर. पॅडचा हिशेब मुळात गैर आहे असे मी म्हणणार नाही. फेल्ट खरोखर भरले तर शाई टेबलावर गळते. पण फेल्ट बदलणे हे काम काही स्क्रू आणि अर्ध्या तासाचे असते. नव्या काही प्रिंटरमध्ये हा पॅड बाहेरून काढता येईल अशा पेटीत दिला आहे. जुन्यांतही ते शक्य होते, याचा हा पुरावाच आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. ‘स्वतः साफ होणारे हेड’ अशा जाहिरातीपेक्षा ‘वापरणाऱ्याला बदलता येणारे पॅड’ ही ओळ खोक्यावर वाचायला मला जास्त आवडेल.

आता पाबळ. इतिहासाची आवड असणाऱ्यांना हे गाव मस्तानीच्या कबरीमुळे माहीत असते. मला ते डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्यामुळे माहीत आहे. इलिनॉय विद्यापीठातून फूड टेक्नॉलॉजीत डॉक्टरेट केलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात वरिष्ठ पदावर असलेला हा शास्त्रज्ञ मुंबई सोडून १९८३ मध्ये या अवर्षणग्रस्त गावात आला आणि त्याने विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया शिकवायची, आणि हाताने केलेल्या कामातूनच विज्ञान-गणित आणायचे, ही त्यांची पद्धत. गावाला खरोखर लागणारी कामे मुलांनी करायची आणि त्याचा मोबदला घ्यायचा, हाच अभ्यासक्रम. अमेरिकेच्या एमआयटीतले नील गर्शनफेल्ड यांनी फॅब लॅबची, म्हणजे कुणालाही यंत्रांवर वस्तू घडवता येतील अशा प्रयोगशाळेची, कल्पना मांडली तेव्हा एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक २००२ मध्ये याच पाबळमध्ये उभी राहिली. दुधाची प्रत आणि डिझेल इंजिनचे टायमिंग तपासणारी साधने, असे प्रश्न तिथे हाताळले गेले. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रमाचे काम चालू आहे, आणि त्यातून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत शिकवला जातो.

फॅब लॅबबद्दल लिहिताना वर्तमानपत्रांचे लक्ष लेझर कटर आणि थ्रीडी प्रिंटरवर जाते. ती यंत्रे महत्त्वाची आहेतच. पण कलबागांच्या कामाचा गाभा मला दिसतो तो त्याआधीच्या पायरीवर : समोर बंद पडलेले यंत्र उघडायला न घाबरणारे मूल. दुकानातून ‘हेड गेले’ हे उत्तर ऐकून परत आल्यावर शिक्षिकाबाईंनी पत्र लिहून ‘शाई साचते कशी’ असे विचारले. मला त्या प्रश्नात तीच वृत्ती दिसते.

बाई, तुमच्यासाठी इतकेच सांगतो. आधी वाटी साफ करा, मग रात्रभर ओली पट्टी, मग एक क्लीनिंग आणि थांबणे. हेच दोन-तीन दिवस करून पाहा. नव्या हेडचा विचार त्यानंतर. प्रिंटर सुधारला की दर आठवड्याला चारही रंग येतील असे एक पान छापत जा, सुटीतसुद्धा. आणि नाहीच सुधारला तर तो भंगारात देऊ नका. त्यात दोन डीसी मोटारी, दातेरी पट्टा, गुळगुळीत पोलादी दांडा आणि हेडची जागा मोजणारी बारीक रेघांची पारदर्शक पट्टी आहे. आठवी-नववीच्या मुलांना तो स्क्रू ड्रायव्हरसकट द्या.